चिनी वाफेवरचे मोदक

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत मी ‘ड्रॉइंगच्या बाई’ आहे. मी अंधेरीच्या एका संस्थेत प्रॉडक्ट डिझाइन शिकवते, म्हणजे वस्तूंची रचना, हे सांगून पाहिलं. तळमजल्यावरच्या सावंतवहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे ड्रॉइंगच ना? मग हळदीकुंकवाला दारातली रांगोळी तुम्हीच काढा.” काढली. वाईट आली. त्यानंतर रांगोळीचं कुणी विचारलं नाही, पण नाव तेच राहिलं.

या लेखाच्या निमित्ताने सावंतवहिनींना पुन्हा एकदा सांगते. भरलेली बादली उचलताना कडी बोटांत रुतते. का? कारण ती कडी वाकवणाऱ्याने भरलेली बादली डोळ्यांसमोर आणली नव्हती, रिकामी आणली होती. वस्तू कारखान्यात जाण्याआधी ती कोण उचलणार, कुठे ठेवणार, कशी धुणार याचा विचार करणं, हा आमचा धंदा. कागदावरचं चित्र त्यात येतं, पण ते शेवटी येतं. आधी बादली भरून जिना चढायचा असतो. मी मुलांना खरोखरच चढायला लावते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी आमच्या अभ्यासक्रमात एक विषय घुसवला. घुसवला हाच शब्द बरोबर आहे, कारण तो कुणाला नको होता. विषयाचं नाव ‘वारसा आणि वस्तू’. आमची मुलं परदेशी कॅटलॉग बघून खुर्च्या काढत. खुर्च्या सुंदर असत. पण त्यांवर मांडी घालून बसता येत नसे, आणि आपली निम्मी माणसं खुर्चीवरही मांडीच घालतात. मला वाटलं, जुन्या वस्तू मुलांच्या हातात द्याव्यात. त्या तशाच का झाल्या, हे त्यांनी शोधून काढावं आणि तो शहाणपणा नव्या वस्तूत उतरवावा.

पहिल्या वर्षी काय उतरलं ते सांगते. समईच्या आकाराचा टेबललॅम्प. तुळशीवृंदावनाच्या आकाराचं घड्याळ. आणि नथीच्या आकाराचं टेलिफोन स्टँड, ज्यावर टेलिफोन ठेवला की तो घसरून खाली येई. प्रदर्शनात पाहुण्यांनी वाहवा केली. मला घरी जाऊन डोकं आपटावंसं वाटलं.

प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. “मॅडम, तुमचा हा वारसा राहू दे. एमआयडीसीतले कारखानदार मला विचारतात, पोरांना प्लास्टिकच्या साच्यांचं ड्रॉइंग येतं का? तुमचे तास त्याला देऊ म्हणतो.”

“अजून एक वर्ष द्या, सर.”

“दिलं. पण वर्षाअखेरीला बाहेरचे परीक्षक येतील, तेव्हा तुमच्या विषयातला एक प्रोजेक्ट त्यांच्यासमोर ठेवा. एकच. त्यांना पटला तर विषय राहील. नाही तर साचे.”

त्या वर्षी पहिलं गिऱ्हाईक आलं ते मुलुंडचं. एका हॉटेलमालकाने आपल्या इडली-डोशाच्या हॉलचा अर्धा भाग चायनीज करायचं ठरवलं होतं. तेव्हा गल्लोगल्ली चायनीजचं वेड लागलं होतं. ते थेट वर्गात आले आणि मुलांना म्हणाले, “सगळीकडे ड्रॅगन पायजे. खुर्चीच्या पाठीवर ड्रॅगन, दिव्यावर ड्रॅगन, सॉसच्या बाटलीवर पण ड्रॅगन. गिऱ्हाइकाला कळलं पायजे, चीनमधे आलो!”

मुलं खूश. ड्रॅगन काढायला कुणाला आवडत नाही? आठवडाभर वर्गात जिकडेतिकडे शेपट्या. गणेश परब म्हणून एक मुलगा होता, बोरीवलीचा, मूळचा मालवणचा, वडील गिरणीत होते. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. त्याने आपला ड्रॅगन लिली चेनच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“लिली, बघ गं, बरोबर आहे का? तुमचाच आहे.”

“माझा कशाला? मी अंधेरीची आहे.”

“अगं, पण चेन ना तू?”

“आणि तू परब. मी तुला विचारते का, नारळाच्या झाडावर चढता येतं का?”

परब म्हणाला, “नाही येत यार,” आणि ड्रॅगन घेऊन परत गेला.

लिलीच्या घरचे लोक मूळचे चिनी, पण चार पिढ्यांपासून मुंबईत होते. वडील अंधेरी स्टेशनजवळ दातांचा दवाखाना चालवत, आईचं ब्यूटी पार्लर होतं. लिलीचं मराठी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा बरं होतं, आणि शिव्या सगळ्यांपेक्षा.

ड्रॅगन बघताबघता मला नथीचं टेलिफोन स्टँड आठवलं. तीच चूक. आपल्या वारशाचं आपण जे केलं होतं, तेच आता दुसऱ्याच्या वारशाचं करत होतो. मी मुलांना म्हटलं, ड्रॅगन पुरे. मुलुंडच्या शेठना त्यांच्या शेपट्या देऊन टाका. आता प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची. रोज वापरात असलेली, आणि जिच्यावर काहीही कोरलेलं नाही अशी.

कुणी विळी आणली, कुणी पानाचा अडकित्ता. लिलीने प्लास्टिकचा मग आणला.

“हा काय वारसा?”

“रोज वापरतो, मॅडम. काही कोरलेलं पण नाही.”

तास संपल्यावर तिने सांगितलं, चीनशी युद्ध झालं तेव्हा तिच्या आजोबांना पोलिसांचा बराच त्रास झाला. तेव्हापासून त्यांच्याकडे नियमच होता: घरातलं घरात. बाहेर काही दाखवायला न्यायचं नाही. पप्पा अजून पोलीस चौकीवरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जातात. मी काही समजूत घातली नाही. एवढंच म्हटलं, “तुझ्या घरचा प्रश्न तुझ्या घरचा. पण मगाला मी दहातले तीन देईन, हे आताच सांगून ठेवते.”

पुढच्या आठवड्यात ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आत बांबूची तीन गोल भांडी, एकावर एक चपखल बसणारी, आणि वर विणलेलं झाकण. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवायचं, वाफ तिन्ही मजल्यांतून वर जाते. तिच्या घरी रविवारी यात सारण भरलेले पिठाचे गोळे उकडत.

“मोदकपात्र!” परब ओरडला. “तीन मजल्यांचं!”

मग तोच वाकून वास घेऊ लागला. “याच्यात सारण कसलं असतं गं?”

“डुकराचं.”

परब पटकन मागे झाला. “म्हणजे आमच्यात पण मटण-मासे सगळं चालतं हां. पण मोदकाचं भांडं म्हणजे नैवेद्याचं ना. याच्यात नाय करता येणार.”

“करायला देतंय कोण?” लिली म्हणाली. “गोड नारळाचा वास लागला तर मम्मी मला घराबाहेर काढेल. तिचं भांडं पण तिला बाटवायचं नाहीये.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच माझा प्रोजेक्ट ठरला. लिली आणि परब, दोघांनी मिळून, नवं मोदकपात्र.

आता ही भानगड काय होती ते ज्यांनी कधी मोदक केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुरुषवाचक बरेच असतील. आपल्या ॲल्युमिनियमच्या मोदकपात्रात एकच चाळण असते. चतुर्थीला एकवीस मोदक म्हणजे एका शेगडीवर तीन खेपा. तिसरी खेप उतरेपर्यंत पहिलीचे मोदक वाळून भेगाळतात. दुसरं, धातूच्या झाकणाला आतून वाफेचं पाणी सुटतं आणि थेंब मोदकांवर पडतात. मोदक चिकट होतो, कळी फुटते. म्हणून बायका झाकणाला फडकं बांधतात, आणि ते फडकं गॅसकडे लोंबत असतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय, कारण भांडी करणारे मोदक करत नाहीत.

लिलीच्या घरच्या भांड्यात या दोन्ही गोष्टींवर इलाज होता. मजले होते, त्यामुळे एकाच खेपेत सगळं उकडे. आणि विणलेल्या बांबूचं झाकण जास्तीची वाफ हळूहळू बाहेर सोडी, उरलेलं पाणी स्वतः पिई. थेंब म्हणून पडत नसे. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मुलांनी घरून झाकणं आणून कॅन्टीनच्या शेगडीवर पाणी उकळून पाहिलं, प्रत्येक झाकणाखाली टीपकागद ठेवला. धातूच्या झाकणाखालचा कागद भिजून लगदा झाला. लिलीच्या झाकणाखालचा जवळजवळ कोरडा. तो कागद मी अजून वर्गात दाखवते. ड्रॅगनपेक्षा मोठा चिनी वारसा त्या कोरड्या कागदात आहे, असं माझं मत.

पुढचे महिने दोघं भांडत काम करत होती. खाली स्टीलचं पातेलं, कारण बांबू गॅसवर चालत नाही. वर बांबूचे मजले, पण आपल्या पातेल्यांच्या मापाचे. मजले आणि झाकण बोरीवलीच्या बाजारातल्या बुरुडांकडून नव्याने विणून घेतले. परबची आई मोदक वळून द्यायची आणि खाऊन शेरे मारायची. “कळी बरी ऱ्हवली. पण तळाक चिकाटता.” मग तळाला केळीचं पान आलं. लिलीने मोदक वळायला शिकून घेतलं. तिच्या कळ्या परबपेक्षा नीट येत, आणि ती हे त्याला दिवसातून दोनदा सांगत असे.

परीक्षकांचा दिवस आला. तिघं जण होते: पुण्याहून आलेले एक वास्तुरचनाकार, एक निवृत्त इंजिनियर आणि घाटकोपरचे चंपकभाई, ज्यांचा भांड्यांचा कारखाना होता. आमचा प्रोजेक्ट दुपारनंतर. ठरलं असं होतं की मोदक त्यांच्यासमोर उकडायचे आणि द्यायचे. परबची आई उकड, सारण आणि केळीची पानं घेऊन वेळेवर आली होती. बांबूच्या विणलेल्या रोवळीत नारळ ठेवलेले, वर ओलं फडकं.

मी टेबलाजवळ गेले. मोदकपात्र लखलखत होतं. मध-रंगाचं, काचेसारखं गुळगुळीत.

“परब, हे काय?”

“पॉलिश, मॅडम. काल व्हार्निशचे दोन हात दिले. बाकीच्यांचे प्रोजेक्ट बघा ना, सगळे चकाचक. आपलं टोपलीसारखं दिसत होतं.”

लिलीने झाकण उचललं, नाकाशी नेलं आणि त्याच्याकडे बघितलं. “गणेश, वेड्या, झाकण आता पाणी कसं पिणार?”

परबचा चेहरा उतरला. आतूनही व्हार्निश होतं. मजल्यांनासुद्धा. वर्षभर जो मुलगा मला तो कोरडा कागद समजावून सांगत होता, त्याने परीक्षेच्या आदल्या दिवशी बांबूचं प्लास्टिक करून ठेवलं होतं. ही चूक डिझाइन शिकणारंच पोर करू शकतं. बाकी कुठल्या माणसाला टोपली पॉलिश करायची इच्छा होते?

“वाट लागली,” तो म्हणाला. मग एकदम लिलीला, हळू आवाजात, “तुझ्या घरचं आण ना. रिक्षाने गेलीस तर लगेच येशील. कुणाला कळणार आहे?”

नैवेद्याचं भांडं म्हणून मागे सरकणारा हाच तो परब.

“चंपकभाई कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत,” लिली म्हणाली. “मी त्यांना त्यातलं खायला घालू आणि गप्प बसू? जमणार नाही. आणि सांगून घातलं तर ते खाणार नाहीत.”

तेवढ्यात प्राचार्य आले. त्यांनी लखलखणारं मोदकपात्र पाहिलं आणि खरोखर खूश झाले. “वा! याला म्हणतात फिनिश! मॅडम, तुम्ही ते उकडण्याबिकडण्याचं काढूच नका. वास येतो, वेळ जातो. नुसतं टेबलावर ठेवा, शेजारी चार्ट लावा. हे पास होणार म्हणजे होणार.”

खरं होतं त्यांचं. नुसतं ठेवलं असतं तर पास झालं असतं. विषय राहिला असता. परब माझ्याकडे आशेने बघत होता. मी भाबडी बाई नाही. क्षणभर तो विचार मीही केला. पण मग समईचा टेबललॅम्प आणि हे, यांत फरक काय राहिला? न उकडणारं मोदकपात्र दाखवून टिकवलेला विषय मी पुढे शिकवणार तरी कोणत्या तोंडाने? मी म्हटलं, “सर, शेगडी पेटणार.”

“मॅडम, तुमचा विषय आहे. तुमची मर्जी.”

परीक्षक आले. लिलीने शेगडी पेटवली आणि मला न विचारता बोलायला सुरुवात केली. “सर, हे आमचं मोदकपात्र. दिसायला चांगलं आहे, पण कालपासून बिघडलंय. ते आधी दाखवते.”

प्राचार्यांनी डोळे मिटले.

तिने पातेल्यावर एक रिकामा मजला ठेवला, आत टीपकागद, वर व्हार्निशचं झाकण. वाफ धरली तसा सुताराच्या दुकानासारखा वास सुटला. झाकण उचललं तर कागद भिजलेला. चंपकभाईंनी रुमाल नाकाला लावला. “अरे बेन, आ तो वाया गेलं!”

“हो,” लिली म्हणाली. “बांबूला श्वास घेऊ दिला नाही तर तो पत्र्यासारखाच वागतो. आता श्वास घेणारा बांबू दाखवते.” आणि तिने इकडेतिकडे पाहिलं. श्वास घेणारा बांबू तिच्याकडे नव्हताच. बोलून बसली होती, एवढंच.

तिची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिने परबच्या आईच्या रोवळीतले नारळ भराभर काढून बाजूला ठेवले.

“अगो, काय करतस? तांदूळ धुवूची रोवळी ती!” परबची आई म्हणाली.

“काकी, नवी आणून देते,” म्हणत लिलीने कॅन्टीनचं पातेलं मागवलं, त्यात पाणी, त्यावर स्टीलची चाळण, केळीचं पान, त्यावर परबच्या आईने तोवर वळलेले मोदक, आणि वरून रोवळी पालथी घातली. नीट बसली नाही. एका बाजूने फट राहिली. परबने धावत येऊन ओलं फडकं पिळून त्या फटीत कोंबलं आणि हाताने धरून उभा राहिला. बोटं भाजत होती, सोडलं नाही.

“चीनमधे हे असंच झाकतात?” पुण्याच्या वास्तुरचनाकारांनी विचारलं.

“चीन मी बघितलं नाही, सर,” लिली म्हणाली. “अंधेरीत, आमच्या घरी, असंच विणलेलं झाकण असतं. माझ्या पणजीने बरोबर आणलं होतं, पुढे इथेच विणून घेतलं. ही परबांच्या घरची रोवळी. दोन्ही वाफेशी सारखीच वागतात, म्हणून झाकणाच्या जागी मी रोवळी घातली.”

तिघंही परीक्षक थांबले. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, कारण फडक्यातूनही वाफ निसटत होती. निवृत्त इंजिनियरांनी तेवढ्यात परबला एवढे प्रश्न विचारले की बिचाऱ्याला बोटांचं विसरायला झालं असेल. वाफ कुठून जाते, मजले वाढवले तर वरच्याला किती पोचते, बांबूला बुरशी लागली तर काय. परबने सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, “एवढं सगळं माहीत होतं, तर व्हार्निश का लावलंस रे?”

“तुम्ही बघायला येणार होतात म्हणून, सर,” परब म्हणाला.

इंजिनियरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

रोवळी उचलली. मोदक कोरडे, गुळगुळीत, सगळ्या कळ्या उभ्या. एकाही मोदकावर थेंब नाही. चंपकभाईंनी एक खाल्ला, दुसरा घेतला, आणि गुजराती-मराठीत निकाल दिला, “चीज सारी छे, एकदम चांगली. पण बेन, बांबूला मी मशीनमधे दाबू नाय शकत.”

ती खंत आजही आहे. ते मोदकपात्र कधी बाजारात आलं नाही. चंपकभाईंनी वर्षभराने ॲल्युमिनियमचं दोन मजली काढलं, झाकणाला भोकं पाडून. लिली-परबचं नाव कुठे नव्हतं. सावंतवहिनींनी ते घेतलं आणि मला दाखवलं, “बघा बाई, किती डोकं चालवतात हे लोक!” लिलीचं कुटुंब पुढे कॅनडाला गेलं. ती तिकडे कसल्या तरी दवाखान्याच्या खुर्च्या रचते असं कळलं, आणि पटलं. परब भाईंदरच्या एका कारखान्यात आहे. त्याच्या हाताखालच्या पोरांना तो काही पॉलिश करू देत नाही म्हणतात.

त्या दिवशी परीक्षकांनी प्रोजेक्टला खूप मार्क दिले असं नाही. मधले दिले. वस्तू अपुरी, शेरा बरोबर होता. पण खाली इंजिनियरांनी एक सूचना लिहिली: यापुढे सर्व विभागांनी परीक्षेत वस्तू चालवून दाखवाव्यात, नुसत्या ठेवू नयेत. प्राचार्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मला म्हणाले, “मॅडम, आता सगळ्या हॉलमधे शेगड्या ठेवायच्या का?”

“शेगडी, नळ आणि जिना, सर. बादल्यांसाठी.”

नव्या वर्षाचं वेळापत्रक लागलं. साच्यांच्या ड्रॉइंगला सकाळचे तास मिळाले. ‘वारसा आणि वस्तू’ शनिवारी, जेवणानंतर, वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत जिथे पंखा फिरताना किरकिरतो. सगळ्या आठवड्यातला सगळ्यात वाईट तास. मी वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभी राहून ते नाव नीट वाचलं. मग हजेरीपट आणायला ऑफिसात गेले. पंख्याची तक्रारही त्याच फेरीत नोंदवली.